गरीबखान्यातून आलेली पणजी
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत दरवर्षी विद्वान मंडळी बोलतात. आम्ही सरकारी नोकर, शिक्षण स्थापत्य पदविकेपर्यंत. पण गेली तीन वर्षे आम्ही घरची मंडळी आपल्या पूर्वजांचा शोध घेत होतो. त्यात जे हाती लागले ते मंडळापुढे ठेवा, असा कार्यवाहांचा आग्रह पडला, म्हणून उभे आहोत.

आपण वडोदऱ्याची मराठी माणसे पूर्वजांविषयी बोलू लागलो, की कोणाचे पूर्वज गायकवाडांच्या पागेत होते, कोणाचे कचेरीत कारकून होते. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्या उघडल्या की पिढ्यान्‌पिढ्यांची नावे निघतात. आमचीही निघाली. पण त्या वह्यांत नाव येते ते यात्रेला जाऊ शकलेल्या घराण्याचे. आमच्या पणजीच्या माहेरचे नाव कुठेच मिळेना.

घरात सांगत ते असे : पणजी साताऱ्याकडच्या नात्यातली. आईबाप प्लेगात गेले. खापरपणजोबांना मूलबाळ नव्हते, म्हणून त्यांनी तिला मुलगी म्हणून वाढवले आणि पुढे घरजावई करून घेतला. आमच्या वडिलांनी पणजीला पाहिले आहे. ते सांगतात, तिच्या उशाशी बाजरीचा एक डबा कायम असे. कोणी हात लावलेला तिला खपत नसे. ताटात कोणी घास टाकला तर ती बोलायची नाही, तो घास उचलून स्वतः खायची.

जुने घर उतरवताना माळ्यावर एक पेटी सापडली. आत खापरपणजोबांच्या रोजखर्ड्याच्या वह्या, सगळ्या मोडीत. मंडळातल्या एका ज्येष्ठांनी त्या वाचून दिल्या. शके 1822, वैशाखातली एक नोंद वाचता वाचता ते थांबले. गरीबखान्यातून मुलगी आणली. टांगा, दूध, परकर. पुढे आणे-पैशांचे आकडे. बस, एवढेच. मुलीचे नावसुद्धा नाही.

शके 1822 चा वैशाख म्हणजे 1900 सालचा उन्हाळा, संवत 1956. गुजरातेत आजही ज्याला छप्पनियो म्हणतात तो दुष्काळ. 1891 च्या शिरगणतीत बडोदे संस्थानची लोकसंख्या सुमारे 24 लाख 15 हजार होती. 1901 मध्ये ती 19 लाख 52 हजारांवर आली. सयाजीराव महाराज दुष्काळी भागात स्वतः फिरले. त्या दौऱ्याची त्यांची टिपणे 1901 मध्ये छापली गेली.

त्या काळची दुष्काळातली मदत कशी चाले, ते थोडक्यात सांगतो. ज्याच्या अंगात बळ आहे त्याने दुष्काळी कामावर जायचे, खडी फोडायची, तळी खोदायची आणि मजुरी घ्यायची. म्हातारे, आजारी, पोरकी मुले यांच्यासाठी पुअर हाऊस, म्हणजे गरीबखाना. तिथे शिजवलेले अन्न मिळे.

इंग्रज सरकारच्या या विचाराचे मूळ त्यांच्या घरच्या वर्कहाऊसमध्ये होते. 1834 च्या कायद्यानंतर इंग्लंडभर ती उभी राहिली. नवरा, बायको, मुले यांना आत वेगवेगळे ठेवत. अगदीच नाइलाज झाल्याशिवाय कोणी आत येऊ नये, हाच हेतू. पण आत आलेल्याचे नाव, वय, धंदा रजिस्टरात लिहीत. चार्ली चॅप्लिन 1896 मध्ये सात वर्षांचा असताना आई आणि भावासह लंडनच्या वर्कहाऊसमध्ये गेला. अशी रजिस्टरे तिकडच्या अभिलेखागारांत ठेवलेली आहेत, त्यांत आजचे लोक आपले पणजोबा शोधतात. लाज तिथेही होतीच. 1904 पासून वर्कहाऊसमध्ये जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर त्या जागेचे नाव न घालता साधा रस्त्याचा पत्ता घालू लागले.

आपल्याकडे पोटाच्या लाजेला जातीची भीती जोडलेली होती. परक्या हातचे शिजवलेले खाल्ले तर पंगतीतून उठवतील ही भीती. 1866 च्या दुष्काळानंतर ओरिसात अन्नछत्रात जेवलेल्यांना जातीबाहेर काढले. त्यांची ‘छत्रखाई’ म्हणून वेगळी जातच पडली. हे वाचले तेव्हा आम्हाला साताऱ्याच्या नात्याची आणि प्लेगाची गोष्ट का रचली गेली, ते कळले. खापरपणजोबांनी खोटे सांगितले, पण एका पोरीला पंगतीत बसता यावे म्हणून सांगितले.

यानंतर आम्ही तिची शाळा शोधली. 1906 मध्ये महाराजांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, त्यामुळे पणजी शाळेत गेली होती. रजिस्टरात वडिलांच्या रकान्यात खापरपणजोबांचे नाव आहे, वय मात्र अंदाजे. शोध इथेच संपला. तिची जात, गाव, भाषा, आईने ठेवलेले नाव, काहीच कळले नाही. दुष्काळाच्या अहवालांत गरीबखान्यात किती माणसे होती ते असते. त्या आकड्यात आमची पणजी एक आहे.

हे सगळे आज इथे सांगावे की नाही, यावर घरात वाद झाला. आमच्या आत्या म्हणाल्या, ‘‘सव्वाशे वर्षे झाकले, आता पोरींची लग्ने व्हायची आहेत, तेव्हा कशाला उघडता?’’ त्यांचा राग आम्ही समजू शकतो. पण वडील म्हणाले, ‘‘तिने जन्मभर उशाशी डबा ठेवला आणि आपण कधी विचारलेसुद्धा नाही. निदान आता तरी विचारू.’’

मंडळी, आपल्याही घरी माळ्यावर पेट्या असतील. मोडी येत नाही म्हणून त्या रद्दीत घालू नका, वाचणारी माणसे अजून आहेत. शाळेचे जुने दाखले सांभाळा. घरातल्या म्हाताऱ्यांना फक्त जहागिरीच्या गोष्टी विचारू नका. दुष्काळात काय खाल्ले, कोण कोणाकडे राहिले, कोणाचे माहेर कधी बोलले गेले नाही, तेही विचारा.

बाप्पांचे विसर्जन झाले की पितृपक्ष लागेल. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी आपल्या पूर्वजांनी सर्वपित्री अमावास्या ठेवली आहे. यंदा त्या दिवशी आम्ही पणजीच्या आईबापांच्या नावे, नाव माहीत नसताना, पान वाढणार आहोत. बाजरीची भाकरी करायची असे ठरले आहे. ती थापायला आत्या येणार आहेत.

गणपती बाप्पा मोरया!