नाक मोकळे करणारे थेंब आणि नाकातील पक्ष्माभिका

सर्दीने नाक चोंदले की रात्रीची झोप उडते. मग औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली येते आणि पाच-दहा मिनिटांत श्वास मोकळा होतो. गुण इतका त्वरित येतो, की सर्दी सरली तरी बाटली उशाशीच राहते. काळजीचे कारण तेथे आहे.

नाकाच्या आतील त्वचेवर केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. एकेका पेशीवर त्या सुमारे २०० असतात आणि वाऱ्यावर जोंधळ्याचे शेत डोलावे तशा सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात. त्यांच्यावरील श्लेष्म्याच्या थरात धूळ व जंतू अडकतात. हा थर मिनिटाला सुमारे ६ मिलिमीटर या गतीने घशाकडे सरकतो व नकळत गिळला जातो. नाकात पुढच्या बाजूस सॅकरीनचा कण ठेवला, तर निरोगी माणसाला साधारण वीस मिनिटांच्या आत घशात गोडी जाणवते. डॉक्टर ही गती अशीच तपासतात. किती साधी युक्ती!

झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीनचे थेंब रक्तवाहिन्या आकुंचित करून सूज उतरवतात. वाट मोकळी होते. सफाई मात्र पक्ष्माभिकांनाच करावी लागते. प्रयोगशाळेत तीव्र द्रावणाने त्यांची हालचाल मंदावते. अनेक बाटल्यांत टिकाऊपणासाठी घातलेल्या बेंझाल्कोनियम क्लोराइडनेही तसेच होते. नेहमीच्या मात्रेत दोन-तीन दिवस थेंब घेतल्यास माणसाला असा मोठा अपाय होत नाही, हेही सांगणे न्याय्य ठरेल.

खरा धोका सवयीचा. थेंब दीर्घकाळ चालू राहिले, की त्यांचा अंमल ओसरताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते. रुग्ण त्याला सर्दी समजून पुन्हा थेंब घालतो. अशा नाकांच्या तपासणीत पक्ष्माभिका झडून गेल्याचेही आढळले आहे. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने थेंब बंद करणे हाच उपाय उरतो.

मोठ्यांची बाटली तान्ह्या बाळासाठी कदापि वापरू नये. औषध रक्तात शोषले जाऊन बाळाला गुंगी येऊ शकते, श्वासही मंदावू शकतो. बाळासाठी मिठाचे पाणी बरे. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवावे आणि दूध पाजण्यापूर्वी एक-दोन थेंब नाकात सोडावेत. पाणी रोज ताजे करावे. बाळाला धाप लागली किंवा ते दूध पिईनासे झाले, तर मात्र घरी न थांबता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.