एका रेघेचा भरवसा

कोविडच्या महासाथीने घरोघरी जे नवे शब्द आणून सोडले, त्यांत 'अँटिजेन चाचणी' हा एक होय. नाकात काडी फिरवावी, ती द्रावणात घुसळावी, थोडे थेंब पट्टीवर टाकावे आणि १५-२० मिनिटांत निकाल पाहावा, इतकी ती सोपी. पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या संचाला मे २०२१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मान्यता दिली, तेव्हापासून ती घरच्या घरीही करता येऊ लागली. एक रेघ उमटली की माणूस सुटकेचा निःश्वास टाकी. दोन उमटल्या की त्याच्या तोंडचे पाणी पळे. परंतु त्या एका रेघेवर कितपत विसंबावे, हे विचारण्याचे भान त्या धांदलीत फार थोड्यांना राहिले. आज त्याचाच विचार करू.

प्रथम ही पट्टी काय करते ते पाहू. विषाणूच्या एका विशिष्ट प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे तिच्यावर बसविलेली असतात. प्रथिन पुरेसे असेल, तर 'टी' या अक्षरापाशी रेघ उमटते. 'सी'पाशी उमटणारी रेघ एवढेच सांगते की, पट्टीने आपले काम बजावले. ती आरोग्याचा दाखला नव्हे. आरटी-पीसीआर चाचणीची रीत निराळी. तीत विषाणूचा जनुकीय अंश दर फेरीस दुप्पट केला जातो, आणि ३० फेऱ्यांत एकाचे १०० कोटींहून अधिक होतात. त्यामुळे अल्पसा अंशही हाती लागतो. अँटिजेन पट्टी असे काही वाढवीत नाही. असेल तेवढ्यावरच तिचा निर्वाह. ती म्हणजे विरळ विणीचे जाळे होय. मोठी मासळी सापडते, बारीक निसटून जाते.

ही गोष्ट आरंभापासून लपलेली नव्हती. जून २०२० मध्ये परिषदेने पहिल्या अँटिजेन संचास अनुमती दिली, तेव्हाच सांगितले होते की, त्याने बाधितांपैकी शेकडा ५०.६ ते ८४ जणांना ओळखले. म्हणूनच लक्षणे असून निकाल नकारार्थी आल्यास आरटी-पीसीआर अवश्य करावी, अशी तिची सूचना होती. मार्च २०२१ मध्ये कॉक्रन या संस्थेने अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात लक्षणे असलेल्या बाधितांपैकी शेकडा सुमारे ७२, तर लक्षणे नसलेल्यांपैकी सुमारे ५८ जण सापडल्याचे दिसले. लक्षणांच्या पहिल्या आठवड्यात हे प्रमाण ७८ होते, दुसऱ्यात ५१ वर उतरले. निरोगी माणसाला मात्र ही चाचणी सहसा रोगी ठरवीत नसे. अशी चूक हजारी सुमारे ४.

आता थोडे अंकगणित करू. साथ भरात आहे आणि लक्षणे असलेले १००० लोक दवाखान्यात आले आहेत. त्यांपैकी ३०० खरोखर बाधित आहेत, असे धरा. शेकडा ७२ प्रमाणे २१६ सापडतील आणि ८४ निसटतील. एक रेघ पाहून निश्चिंतपणे घरी परतणाऱ्या दर नऊ-दहा जणांत एक बाधित असेल! उलट, साथ ओसरली आहे आणि लक्षणे नसलेल्या १००० लोकांत केवळ १० बाधित आहेत, असे समजा. त्यांतील ६ सापडतील. पण ९९० निरोग्यांपैकी सुमारे ४ जणांनाही दोन रेघा येतील. म्हणजे दोन रेघांच्या १० जणांत ४ जण निरोगी! पट्टी तीच, रेघ तीच. परंतु काळवेळ पाहून तिचा अर्थ पालटतो.

मग ही चाचणी कुचकामी काय? मुळीच नव्हे. नाकात विषाणू विपुल असतो तेव्हा ती बहुधा त्याला गाठते, आणि बहुधा तोच काळ दुसऱ्यास बाधा देण्याचा असतो. जेथे आरटी-पीसीआरचा निकाल येण्यास दिवस लागत, तेथे हिने कित्येकांना तत्काळ सावध केले. दोष चाचणीचा नाही. तिला परवाना मानण्याचा आहे. ताप-खोकला असताना एक रेघ पुढे करून लग्नघरी, प्रार्थनामंदिरात किंवा वृद्ध आजीच्या उशाशी जाणे म्हणजे जाळ्यातून निसटलेली मासळी नदीतच नव्हती असे मानणे. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये सल्ला दिला की, निकाल नकारार्थी आल्यास ४८ तासांनी पुन्हा चाचणी करावी, आणि लक्षणे नसतील तर अशा एकूण तीन कराव्या.

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. आज एक रेघ, परवा दोन, असे ज्यांच्या बाबतीत घडले, त्यांच्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आजार लपविल्याचा आळ घेतला. ती माणसे बहुधा खोटी नव्हती. जाळे विरळ होते, एवढेच. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण अशा झटपट चाचण्या अन्य रोगांसाठीही वापरल्या जातात. तेव्हा पट्टी हाती घेताना दोन प्रश्न स्वतःस विचारावेत: मला लक्षणे आहेत काय, आणि भोवती साथ कितपत आहे? त्यांची उत्तरे रेघेशेजारी ठेवून मगच निर्णय करावा. आणि संशय उरला, तर आजीला भेटण्याचा बेत दोन दिवस पुढे ढकलावा.