बॅकअपची यादी : काय घ्यावे, काय वगळावे

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय रुक्ष आहे, हे आधीच सांगून टाकतो. संगणकाचा बॅकअप घेताना कोणते ड्राइव्ह आणि कोणते फोल्डर घ्यावयाचे व कोणते वगळावयाचे, एवढाच तो विषय. परंतु आपल्या मुलामुलींचे प्रकल्प, दाखल्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती, परदेशी नोकरीवर असलेल्या वडिलांनी पाठविलेले फोटो आणि आपल्या शाळांचे दप्तर आता संगणकात गेले आहे. संगणकातील डिस्क कधी ना कधी निकामी होते. त्या दिवशी आपल्या हाती काय उरणार, हे बॅकअपच्या सॉफ्टवेअरमधील एका यादीवरून ठरते. बहुतेकांनी ती यादी एकदाही उघडून पाहिलेली नसते.

"आमचा बॅकअप चालू आहे," असे पुष्कळ जण सांगतात. कशाचा चालू आहे, असे विचारले की गप्प होतात.

विंडोजमधील 'फाइल हिस्टरी' ही सोय घ्या. ती आपल्या खात्यातील डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज अशा ठरावीक ठिकाणांच्या प्रती बाहेरच्या डिस्कवर ठेवते. वनड्राइव्हमधील बॅकअपची सोयही अशाच ठरावीक फोल्डरांपुरती आहे. आता आपल्याकडची रीत आठवा. संगणक जोडून देणारा कारागीर डिस्कचे सी आणि डी असे भाग पाडतो आणि जाताना बजावतो, "सीला हात लावू नका, तुमचे सगळे डीमध्ये ठेवा." सल्ला वाईट नाही. विंडोज बिघडून पुन्हा घालावी लागली, तर डी शाबूत राहतो. पण परिणाम असा होतो की, सॉफ्टवेअर सीमधील डॉक्युमेंट्सकडे पाहत बसते आणि आपली सारी चीजवस्तू डीमध्ये असते.

एका शाळेच्या कार्यालयात नेमके हेच घडलेले मी पाहिले आहे. बाहेरची डिस्क जोडलेली होती, रोज संध्याकाळी 'बॅकअप पूर्ण' असा संदेश येत होता. एप्रिलमध्ये संगणकातील डिस्क बसली. चार वर्षांच्या निकालपत्रकांच्या फाइली आणि जनरल रजिस्टरवरून टाइप करून घेतलेली यादी डीमध्ये होती. बॅकअपमधून परत आले ते डेस्कटॉपवरील शॉर्टकट आणि स्नेहसंमेलनाचे काही फोटो. लिपिकांनी उन्हाळ्याची सुट्टी कागदी रजिस्टरे पुढ्यात घेऊन टाइप करण्यात घालविली. कागद होता म्हणून निभावले. आणि तो संदेश खोटा नव्हता बरे! यादीत जेवढे होते, तेवढे खरोखरच पूर्ण झाले होते.

काही जण यावर सीमधील फाइली डीमध्ये उतरवून ठेवतात. सी आणि डी बहुधा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले.

मग करावे काय? माझे मत असे की, यादी उलट्या बाजूने करावी. "हे हे घे" असे सांगण्याऐवजी "सगळे घे, हे एवढे सोड" असे सांगावे. कारण घेण्याच्या यादीत नवे फोल्डर आपोआप शिरत नाही. जूनमध्ये मुलीने 'बारावी' नावाचे फोल्डर नव्या जागी केले, तर ते यादीत घालण्याची आठवण कोणाला राहणार? वगळण्याच्या यादीत विसर पडला, तर फार तर निरुपयोगी काहीतरी जास्तीचे साठेल. ॲपलच्या संगणकांवर 2007 पासून असलेले 'टाइम मशीन' याच पद्धतीने चालते. मात्र बाहेरून जोडलेल्या डिस्क तेही आपण होऊन वगळते. त्या हव्या असतील, तर वगळलेल्यांच्या यादीतून काढाव्या लागतात.

फाइल हिस्टरीच वापरावयाची असेल, तर डीमधील फोल्डरावर माउसची उजवी कळ दाबून ते एखाद्या लायब्ररीत जोडावे. दुसरे सॉफ्टवेअर असेल, तर निवडीच्या पडद्यावर प्रत्येक ड्राइव्हपुढे चौकट असते. डीपुढे खूण आहे की नाही, ते पाहावे. वनड्राइव्हला डीमधील फोल्डर असे जोडता येत नाही. ते त्याच्याच फोल्डरात हलवावे लागते, आणि तेथे मोफत जागा 5 जीबीच मिळते. शिवाय ती मुख्यतः जुळवणी आहे. इकडे फाइल पुसली की तिकडचीही पुसली जाते, मग ठरावीक दिवस कचरापेटीतून काढता येते इतकेच.

आता वगळण्याविषयी. सगळेच ठेवावयाचे म्हटले तर वेळ पुरत नाही. इंटरनेटवर वर पाठविण्याचा वेग 10 एमबीपीएस असेल, तर तासाला जेमतेम साडेचार जीबी जातात. 100 जीबीला बावीस तास लागतात. म्हणून प्रत्येक फोल्डराविषयी एकच प्रश्न विचारावा : हे गेले तर पुन्हा कोठून मिळेल? विंडोज आणि प्रोग्रॅम फाइल्स पुन्हा घालता येतात. 'पेजफाइल' आणि 'हायबरफिल' या कित्येक जीबींच्या फाइली म्हणजे संगणकाची कच्ची वही. त्या खुशाल वगळाव्यात. टेम्प फोल्डर, ब्राउझरची कॅश, रीसायकल बिन, उतरवून घेतलेले चित्रपट यांनाही रजा द्यावी. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी 'नोड मोड्यूल्स' वगळावे. हजारो बारीक फाइलींमुळे बॅकअप रखडतो आणि ते सारे एका आज्ञेने पुन्हा मिळते.

पण येथेच सावध राहावे. मराठीच्या कितीतरी जुन्या फाइली युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. ते फॉन्ट विंडोजच्या फोल्डरात असतात आणि ते फोल्डर तर आपण वगळले! फाइल परत येते, उघडतेही, पण समोर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. उर्दू शाळांतील इनपेजच्या प्रश्नपत्रिकांचे असेच. त्या उघडावयास इनपेजच लागते. तेव्हा आपले फॉन्ट आणि इनपेजची स्थापना-फाइल एका वेगळ्या फोल्डरात ठेवून ते बॅकअपमध्ये घ्यावे. टॅलीचे हिशेबही बहुधा डॉक्युमेंट्समध्ये नसतात. जुन्या आवृत्त्यांत ते टॅलीच्याच फोल्डरात असत. टॅली उघडून डेटाचा मार्ग वाचावा आणि तो यादीत घालावा.

वगळण्याचे नियम फाइलीच्या प्रकारावर लावताना तर फारच जपावे. "सगळे एमपीफोर सोड" असे सांगितले की चित्रपटांबरोबर मुलाच्या विज्ञान प्रकल्पाची चित्रफीतही सुटते. म्हणून फोल्डर वगळावे, प्रकार वगळू नये.

मोठे आहे म्हणून वगळले, ही चूक शहाण्यासुरत्यांच्या हातूनही होते. दक्षिण कोरियात 26 सप्टेंबर 2025 रोजी देजॉन येथील सरकारी माहिती केंद्राला आग लागली. तेथील 'जी-ड्राइव्ह' या साठ्यात सुमारे सव्वा लाख सरकारी नोकरांची कामाची कागदपत्रे होती. ती 858 टेराबाइट माहिती गेली. इतर अनेक यंत्रणांच्या प्रती अन्यत्र होत्या. या एका साठ्याचा आकार फार मोठा, म्हणून बाहेर प्रत ठेवली नव्हती, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. काही खात्यांनी तर कर्मचाऱ्यांना सारे काही तेथेच ठेवण्यास सांगितले होते.

भगिनींनो, संगणक नसेल, पण फोन आहेच. गूगल फोटोज सुरुवातीला कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंचाच बॅकअप घेते. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो, स्क्रीनशॉट, डाउनलोड यांचे फोल्डर ॲपमध्ये जाऊन एकेक चालू करावे लागतात. व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या बॅकअपमध्ये व्हिडिओसाठी निराळे बटण आहे. अँड्रॉइडवर हा बॅकअप 2024 पासून गूगलच्या 15 जीबीतच मोजला जातो. तेव्हा 'सुप्रभात'ची चित्रे आधी पुसा, म्हणजे मुलाच्या बोलण्याच्या पहिल्या फितीला जागा होईल.

यादी नीट झाली की नाही, हे पाहण्याचा मार्ग एकच. डीमधील एक जुनी आणि एक कालची फाइल निवडा. बॅकअपमधून त्या दुसऱ्या संगणकावर परत आणा आणि उघडा. अक्षरे वाचता आली पाहिजेत, हिशेबाची बेरीज दिसली पाहिजे. हे दर सहामाहीला करावे; परीक्षांच्या वेळापत्रकाबरोबर लक्षात राहते. आज ज्यांनी लॅपटॉप आणले आहेत, त्यांनी चहानंतर संगणक कक्षात यावे. बाहेरची डिस्क जवळ असेल तर तीही आणावी. आपण एकेकाची यादी उघडून पाहू.