ॲक्सोलॉटलला काय वाढाल?



तीस वर्षं मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं. त्या काळात मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून किती गांडुळं विद्यार्थ्यांना उघडून दाखवली असतील, त्याचा हिशेब नाही. निवृत्त झाल्यावर वाटलं, सुटले एकदाची त्या गांडुळांच्या तावडीतून! पण आज आमच्या गॅलरीत एक टब आहे आणि त्यात मी हौसेनं गांडुळं वाढवते. ती आमच्या नातीच्या मोदकसाठी.

हा मोदक म्हणजे ॲक्सोलॉटल. मेक्सिको शहराच्या दक्षिणेला असलेल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला हा मूळचा रहिवासी. बेडकाच्या दूरच्या नात्यातला, सॅलॅमँडर कुळातला. बेडकाचं पिल्लू मोठं होताना कल्ले टाकतं आणि जमिनीवर येतं. ॲक्सोलॉटल मात्र वयात येतो, त्याला पिल्लं होतात, तरी बाळपण सोडत नाही. डोक्यामागे पिसांसारखे कल्ले मिरवत जन्मभर पाण्यातच राहतो. आमचा मोदक पांढरा आहे, डोळे काळे आणि चेहरा कायम हसरा. त्या हसऱ्या चेहऱ्यामुळेच माणसं फसतात. त्याला भूक लागली असो की पोटात दुखत असो, तो हसतच असतो.

मोदकच्या आधी आमच्याकडे एक काळा ॲक्सोलॉटल होता. दुकानदारानं टाकीबरोबर रंगीत खडे दिले होते. टाकी छान सजली. पंधरा-वीस दिवसांत त्यानं खाणं सोडलं, पोट फुगलं आणि एका सकाळी तो तळाशी निपचित पडलेला दिसला. त्यानं खडे गिळले होते. ॲक्सोलॉटल भक्ष्याचा पाठलाग करत नाही की चावून खात नाही. तोंड एकदम उघडतो आणि समोरचं पाणी आत ओढून घेतो. त्या पाण्याबरोबर घास येतो आणि तळाचा खडाही येतो. हे मी वर्गात शिकवलं होतं, श्रोतेहो. घरच्या टाकीपाशी उभी असताना मात्र मला ते आठवलं नाही. नात तेव्हा आठ वर्षांची होती. तिनं विचारलं, “आजी, तुला माहीत होतं ना गं?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून त्याच्या आहाराचा विचार ताटाच्या आधी तळापासून सुरू करावा. तळ मोकळा ठेवावा किंवा अगदी बारीक वाळू घालावी. आणि घास केवढा असावा? प्राण्याच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा मोठा नसावा. चावता येत नाही, त्याला मोठा घास देणं म्हणजे लाड नव्हे.

आता वयाप्रमाणे काय द्यावं ते पाहू. अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू पहिले दोन-तीन दिवस पोटातल्या बलकावर जगतं. त्यानंतर त्याला हलतं भक्ष्यच लागतं. न हलणारी वस्तू अन्न आहे हे त्याला कळतच नाही. त्यामुळे आर्टेमियाची, म्हणजे मिठाच्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जीवाची, ताजी पिल्लं किंवा डाफ्निया हे पाणपिसू रोज द्यावे लागतात. उपाशी राहिली आणि दाटीवाटीनं ठेवली, तर ही पिल्लं एकमेकांचे पाय तोडून खातात. तुटलेला पाय पुन्हा उगवतो, हे खरं. पण म्हणून उपाशी ठेवायचं नसतं. पुढे पिल्लू बोटभर झालं की ब्लडवर्म, म्हणजे एका माशीच्या लालभडक अळ्या, आणि गांडुळाचे बारीक तुकडे चालतात. पूर्ण वाढलेल्या, वीतभर लांबीच्या ॲक्सोलॉटलला मात्र दोन-तीन दिवसांतून एकदा खायला दिलं की पुरतं.

हे शेवटचं वाक्य आपल्याकडे पचायला जड जातं. घरी आलेला पाहुणा तीन दिवस उपाशी, ही कल्पनाच आपल्याला सोसत नाही. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण पोळीचा तुकडा हातात घेऊन टाकीकडे वळतो. पण थंड रक्ताच्या, दिवसभर तळाशी बसून राहणाऱ्या या प्राण्याची गरजच थोडी. जास्तीचं अन्न अंगावर चढतं आणि न खाल्लेलं पाण्यात कुजतं. त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो कल्ल्यांना जाळतो. म्हणून उरलेलं अन्न लगेच काढून टाकावं.

मोठ्या ॲक्सोलॉटलचं मुख्य अन्न कोणतं म्हणाल, तर गांडूळ. प्रथिनं भरपूर, चरबी बेताची आणि वर टणक कवच नाही. पण इथेही एक गंमत झाली. मी ओळखीच्या गांडूळखतवाल्याकडून लाल गांडुळं आणली. मोदकनं पहिलं गांडूळ तोंडात घेतलं आणि थुंकलं. दुसरं घेतलं, तेही थुंकलं. आठवडाभर हाच प्रकार. पहिल्याचा अनुभव असल्यामुळे घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती गांडुळं आयसेनिया फेटिडा जातीची होती. डिवचली की ती पिवळसर, कडू, घाण वासाचा द्राव सोडतात. ‘फेटिडा’ या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी दुर्गंधी! खतासाठी आपल्याकडे यूड्रिलस नावाची दुसरी, मोठी गांडुळंही वापरतात. ती आणली, धुतली, तुकडे करून चिमट्यानं पुढे धरली, आणि मोदकनं क्षणात गिळली. नात टाळ्या पिटत घरभर नाचली. तेव्हापासून गॅलरीत तो टब आहे. बाहेरून गांडूळ आणायचंच झालं, तर औषध फवारलेल्या शेतातलं किंवा बागेतलं आणू नये.

मग विविधता कशासाठी? आपल्याला चवीत बदल लागतो, तसा त्याला लागत नाही. एका अन्नात जे कमी पडतं ते दुसऱ्यानं भरून निघावं, एवढाच हेतू. म्हणून गांडुळांच्या जोडीला मांसाहारी माशांसाठी मिळणाऱ्या, तळाशी बसणाऱ्या मऊ गोळ्या आणि अधूनमधून गोठवलेले ब्लडवर्म द्यावेत. नुसत्या ब्लडवर्मवर मोठा प्राणी ठेवू नये, तो खंगतो. काही गोष्टी टाळाव्यात. जिवंत मासे रोग आणि परजीवी घेऊन येतात. गोल्डफिशमध्ये तर ब जीवनसत्त्वातला एक घटक नष्ट करणारं द्रव्य असतं. गटारातून गोळा केलेले ट्युबिफेक्स नकोत, टणक कवचाच्या अळ्या नकोत, कोंबडीचं किंवा बोकडाचं मांसही नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. गेल्या एप्रिलमध्ये मोदकनं पुन्हा तोंड फिरवलं. नात रोज नवा पदार्थ पुढे करायची. मी तिला म्हटलं, “अगं, ताट बदलू नकोस, आधी पाण्यात थर्मामीटर घाल.” पाणी सत्तावीस अंशांवर गेलं होतं. या प्राण्याला सोळा ते अठरा अंश सेल्सिअस मानवतं. चोविसाच्या वर त्याचे हाल सुरू होतात आणि अन्न नकोसं होतं. त्या दिवशी पाण्यात बर्फाच्या बंद बाटल्या सोडल्या आणि पुढच्या आठवड्यात पाणी थंड ठेवणारं यंत्र घेतलं. ते प्राण्यापेक्षा कितीतरी महाग पडलं. तो खर्च आणि विजेचं बिल झेपणार नसेल, तर आपल्या हवेत ॲक्सोलॉटल पाळूच नये, असं मी स्पष्ट सांगते. शिवाय २०२४ च्या नियमांनुसार आपल्या देशात अशा प्राण्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते.

सोचिमिल्कोमध्ये १९९८ साली चौरस किलोमीटरमागे सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल होते. २०१४ च्या सुमारास ती संख्या ३६ वर आली. पाणी घाण झालं हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे माणसांना खायला मिळावेत म्हणून त्या पाण्यात सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे. त्यांनी त्याची अंडी आणि पिल्लं फस्त केली, त्याचा घासही पळवला. जगभरच्या टाक्यांतले ॲक्सोलॉटल बव्हंशी १८६४ साली पॅरिसला नेलेल्या ३४ प्राण्यांचे वंशज आहेत. टाकीतल्या त्या जीवाला स्वतःचं भक्ष्य शोधता येत नाही. आपण पुढे धरू तेच तो गिळतो, योग्य असो वा अयोग्य.

आता आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरवर त्याच्या जेवणाचे वार नातीनं लाल पेननं मांडून ठेवले आहेत. मधल्या दिवशी कोणी पोळी घेऊन टाकीकडे वळलं, की ती आडवी उभी राहते आणि म्हणते, “आज त्याचा वार नाही.”