रेशमी कोंबडी आणि गळकं छप्पर

पायदळात आयुष्य काढलेला माणूस शोभेच्या कोंबड्यांवर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. निवृत्तीनंतर मी महूला राहिलो. अंगण होतं, वेळ होता आणि पहाटे उठायची सवय काही सुटत नव्हती. म्हणून कोंबड्या आल्या.

शोभेच्या जाती जगात पुष्कळ. जपानच्या कोची भागातला ओनागादोरी कोंबडा घ्या. त्याच्या शेपटीची काही पिसं गळतच नाहीत, वाढत राहतात आणि कित्येक मीटर लांब होतात. जपाननं १९५२ साली त्याला विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. इंग्लंडात सर जॉन सेब्राइट यांनी त्यांच्याच नावाची छोटी जात घडवली. तिच्या प्रत्येक पिसाला काळी किनार असते, आणि कोंबड्याची पिसं हुबेहूब कोंबडीसारखी. पोलिश कोंबडीच्या डोक्यावर पिसांचा एवढा मोठा झुपका, की वरून घार आली तरी तिला दिसत नाही. आमच्या टेहळणीच्या नियमांत ती नापासच झाली असती!

मी पाळली ती सिल्की. मूळची चीनकडची. मार्को पोलोनं तेराव्या शतकात मांजरासारखे केस असलेल्या कोंबड्यांचा उल्लेख केला आहे, तो हिचाच असावा असं मानतात.

साध्या पिसाच्या तंतूंना सूक्ष्म आकडे असतात. ते एकमेकांत अडकतात आणि झिपसारखं सपाट पान तयार होतं. सिल्कीत हे आकडे नसतात, म्हणून पिसं मोकळी, कापसासारखी राहतात. पायाला चारऐवजी पाच बोटं, कानाची पाळी निळसर, आणि कातडी, मांस, हाडं काळसर. फोटो पाहून पिल्लं विकत घेणाऱ्यांनी निदान बोटं मोजावीत. मिश्र पिल्लं सिल्की म्हणून गळ्यात मारली जातात. पहिल्या खेपेस मीही फसलो.

तो काळा रंग आपल्याला अनोळखी नाही. महूपासून काही तासांवर झाबुआ आहे, कडकनाथचं गाव. कडकनाथ आणि सिल्की, दोघांच्या अंगात काळेपणा आणणारा जनुकीय बदल एकच आहे. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फरक एवढाच, की कडकनाथ सहसा खुडूक होत नाही आणि सिल्की सदान्‌कदा खुडूक. बदकाची अंडी ठेवा, टर्कीची ठेवा, ती बसते. आमचं कडकनाथचं एकूण एक पिल्लू हिच्याच पोटाखाली निघालं.

आता जे सांगायला आलो ते सांगतो. एका जुलैमध्ये कडकनाथची नऊ अंडी रवणीला ठेवली होती. अठरावा दिवस. रात्री जोराचा पाऊस आला. खुराड्याच्या छपराला एक भोक होतं, मला माहीत होतं, आणि 'उद्या बघू' म्हणून मी चार दिवस काढले होते. दुसरी कुठलीही कोंबडी उठून कोरड्या कोपऱ्यात गेली असती. ही उठली नाही. आकडे नसलेल्या पिसांवरून पाणी घरंगळत नाही, थेट कातडीपर्यंत मुरतं. सकाळी ती अंड्यांवरच गारठून मेलेली होती.

मी नुसता उभा राहिलो. बायकोनं तिला अलगद उचलून हात खाली घातला आणि म्हणाली, "अहो, अंडी अजून कोमट आहेत." खोक्यात भुस्सा, वर साठचा बल्ब, ओलाव्याला वाटीभर पाणी. दिवसातून चारदा ती अंडी फिरवायची, मी तापमान लिहून ठेवायचो. एकविसाव्या दिवशी काही नाही. बाविसाव्या दिवशी दोन पिल्लं बाहेर आली. सात गेली.

म्हणून कुणी सिल्की घ्यायची म्हटलं की मी रंग, किंमत वगैरे नंतर बोलतो. आधी विचारतो, छप्पर कसं आहे? कोकणात किंवा आसामात राहत असाल तर पावसाळ्यात जमीनही कोरडी हवी, भुस्सा रोज बदलायला हवा. आणि पिल्लांचं डोकं जपा. पुष्कळ सिल्कींच्या कवटीला झुपक्याखाली उंचवटा असतो, तिथलं हाड पुरतं जुळलेलं नसतं. दुसऱ्या कोंबडीची एक चोच जीव घेऊ शकते, म्हणून त्यांना दांडग्या जातींत सोडू नका.

त्या दोघांतली एक तलंग होती. ती आता चार वर्षांची आहे, अजून अंडी देते. खुडूक मात्र एकदाही झाली नाही. हं, विचारा आता, कुणाला काय विचारायचंय.