काळी सायकल आणि गिअरची सायकल



संघटनेचा माणूस व्यासपीठावर चढला की बोनस नि महागाई भत्ता यांवरच बोलणार, अशी आपली समजूत असते. आज मी सायकलीवर बोलणार आहे. कामगाराच्या लेखी तेही हत्यारच. आणि हत्यार हाताला बसते की नाही, हे वापरणाऱ्यालाच विचारावे लागते.

आपण जिला काळी सायकल म्हणतो तिचे कूळ इंग्लंडातले. मागचे चाक साखळीने फिरवणारी स्टार्लेची ‘रोव्हर’ १८८५ ची, डनलॉपचा हवेचा टायर १८८८ चा. पुढे सोनिपतला १९५१ साली ॲटलासने आणि लुधियानाला १९५६ साली हीरोने कारखाना काढला, नि काळी सायकल आपल्या खेडोपाडी आली.

तिचे सुख नुसते सीटखालच्या स्प्रिंगांत नाही, घडणीत आहे. पुढचा चिमटा चांगला कलता, दोन चाकांतले अंतर लांब; त्यामुळे खडीवरही हँडल झटका खात नाही. चाक २८ इंची, म्हणून लहानसहान खड्ड्यात ते फारसे उतरत नाही. हँडलच्या मुठी मागे वळलेल्या. पाठ ताठ राहते आणि भार मनगटावर न येता चामडी सीटवर येतो. साखर कारखान्यांच्या गेटसभांना मी वर्षानुवर्षे अशाच सायकलीवरून हिंडलो. पाय दुखले, मान कधी दुखली नाही.

आता दुकानातली गिअरची सायकल पाहा. हँडल म्हणजे सरळ दांडी. माणूस पुढे वाकतो आणि तासाभरात मनगटे भरून येतात. स्वस्त मालात पुढे जो स्प्रिंगचा चिमटा बसवतात, तो वजन वाढवतो आणि चढावर पायडलचा जोर खाली-वर होऊन खातो. मडगार्ड नाही, चेन कव्हर नाही, कॅरिअर नाही. जेवणाचा डबा बांधायचा कोठे? डोक्यावर?

पण न्यायाचे बोलायचे तर दुसरी बाजूही आहे. काळ्या सायकलीचे सळईचे ब्रेक पावसात ओल्या रिमवर घसरतात. तुळजापूरचा घाट सोलापूरच्या बाजूला भर पावसात उतरून पाहा, म्हणजे नव्या डिस्क ब्रेकची किंमत कळेल. आणि तोच घाट चढताना काळी सायकल हातात धरून चालावे लागते; तेथे गिअर हवाच.

हॉलंडात ताठ बसायची, साखळी झाकलेली, गिअर मागच्या चाकाच्या हबमध्ये असलेली सायकल आजही बनते. तिथले लोक तिच्यावरूनच कामाला जातात. आपल्याकडे मात्र काळी सायकल दूधवाल्याची म्हणून पोराला तिची लाज वाटते. वाकून मान दुखली तरी चालेल, पण ती नको!

तेव्हा मुलासाठी सायकल घ्यायला जाल, तर रंग मागाहून पाहा. भरलेली पिशवी मागे बांधून एक फेरी मारू द्या म्हणावे. कॅरिअरचे पैसे वेगळे पडतील असे उत्तर आले, तर ते किमतीतून कमी करून मागा. घासाघीस जमत नसेल तर मला हाक मारा. माझा तो धंदाच आहे.