गाडीतला प्रोग्रॅम आणि मायक्रोसेकंदाचा हिशेब

आकुर्डीच्या कारखान्यात तयार होणाऱ्या जुन्या बजाज चेतक स्कूटरमध्ये प्रोसेसर नव्हता. 1972 साली बाजारात आलेल्या त्या स्कूटरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करी, ठिणगी कधी पडायची ते पॉइंटच्या उघडझापीवर ठरे, आणि बिघाड झाला की मेकॅनिक पॉलिश पेपर घेऊन पॉइंट घासायला बसे. त्याच नावाची विजेवर चालणारी चेतक जानेवारी 2020 मध्ये आली. सुरुवातीला ती चाकणला तयार होई. जून 2022 पासून आकुर्डीत तिच्यासाठी वेगळा कारखाना सुरू झाला. या नव्या स्कूटरचे चाक फिरते ते आतला प्रोग्रॅम चालू असेल तरच. बॅटरीतल्या सेलवर नजर ठेवणे, मोटरला वीज देणे, डॅशबोर्डवर वेग दाखवणे ही सगळी कामे यंत्राच्या आत कायमच्या बसवलेल्या प्रोग्रॅमकडे असतात. अशा प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात, आणि तो ज्या छोट्या संगणकावर चालतो त्या सगळ्या मांडणीला एम्बेडेड सिस्टिम.

पेट्रोलच्या गाड्यांत हा बदल मुख्यतः कायद्यामुळे झाला. 1 एप्रिल 2020 पासून देशभर भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. मधला पाचवा टप्पा वगळून चौथ्यावरून थेट सहाव्यावर उडी मारली गेली. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायचा, तर पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण 14.7 भाग हे वजनी प्रमाण सतत राखावे लागते. कार्ब्युरेटरला एवढी अचूकता जमणे अवघड. म्हणून मोटरसायकलींतही इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि त्या दोघांमध्ये निर्णय घेणारा छोटा संगणक, म्हणजे ईसीयू, आला. त्याआधी एक वर्ष, एप्रिल 2019 पासून, 125 सीसीवरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले होते. चाक घसरू लागले आहे हे ओळखून ब्रेकचा दाब क्षणभर कमी करणे हेही प्रोग्रॅमचेच काम.

अशा गाड्या जिथे बनतात, त्या पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीची वाढ 1962 साली एमआयडीसीची स्थापना झाल्यानंतरची. पिंपरीत टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आणि आकुर्डीत बजाज यांच्याभोवती भोसरी-चिंचवडमध्ये सुटे भाग करणारी शेकडो वर्कशॉप उभी राहिली. चाकणला बजाजचा कारखाना 1999 मध्ये, तर फोक्सवॅगनचा 2009 मध्ये सुरू झाला. महिंद्र आणि मर्सिडीज-बेंझ याच पट्ट्यात आले. लेथ, प्रेस आणि फोर्जिंग ही इथली जुनी विद्या. तिच्या जोडीला आता हिंजवडीपासून चाकणपर्यंत गाड्यांचे फर्मवेअर लिहिणारे आणि तपासणारे हजारो हात लागतात. ही नवी विद्या शिकताना ज्या क्रमाने जावे लागते, तो क्रम यंत्राच्याच रचनेतून येतो.

पहिली पायरी म्हणजे मायक्रोकंट्रोलर. एकाच चिपवर प्रोसेसर, थोडी स्मृती आणि बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या पिना असतात. महाराष्ट्रातल्या पॉलिटेक्निकमध्ये अनेक विद्यार्थ्यांची या विषयाशी ओळख इंटेलच्या 8051 या चिपवर होते. ही चिप 1980 सालची. तिच्यात प्रोग्रॅमसाठी 4 किलोबाइट आणि चालू कामासाठी अवघे 128 बाइट जागा होती. आज सरावासाठी स्वस्तात मिळणाऱ्या एसटीएम32 जातीच्या एका लोकप्रिय 32 बिट चिपमध्ये 64 किलोबाइट फ्लॅश, 20 किलोबाइट रॅम आणि सेकंदाला 7 कोटी 20 लाख ठोके देणारे घड्याळ असते. तरीही मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो या चिपमध्ये मावत नाही. जागा मोजून वापरण्याची सवय या क्षेत्रात पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी लागते.

वीज मिळाल्यावर ही चिप नेमके काय करते, हे समजले की बरेचसे कोडे उलगडते. इथे विंडोज नसते, अँड्रॉइड नसते. गाड्यांत आणि उपकरणांत सर्रास आढळणाऱ्या एआरएम कॉर्टेक्स-एम जातीचा प्रोसेसर स्मृतीतल्या ठरलेल्या जागेवरून दोन आकडे वाचतो. पहिला आकडा सांगतो की तात्पुरत्या नोंदी कुठे ठेवायच्या. दुसरा सांगतो की पहिली आज्ञा कुठे आहे. मग एक छोटा प्रारंभिक प्रोग्रॅम चालतो. तो चलांच्या सुरुवातीच्या किमती फ्लॅशमधून रॅममध्ये आणतो, उरलेल्या चलांची जागा शून्याने भरतो आणि मगच सी भाषेतल्या मुख्य फंक्शनला बोलावतो. कोणता भाग फ्लॅशमध्ये आणि कोणता रॅममध्ये हे लिंकर स्क्रिप्ट नावाच्या फाइलमध्ये लिहिलेले असते. ही फाइल एकदा ओळीओळीने वाचून काढणाऱ्या विद्यार्थ्याला पुढे बरेच बिघाड लवकर सापडतात.

दुसरी पायरी रजिस्टरची. प्रोसेसरच्या दृष्टीने बाहेरचे जग म्हणजे काही ठरावीक पत्ते. एका पत्त्यावर विशिष्ट बिट एक केला की पिनेवर 3.3 व्होल्ट येतात आणि एलईडी लागतो. शून्य केला की विझतो. दुसऱ्या पत्त्यावरून वाचले की बटण दाबले आहे की नाही ते कळते. पण बटणाचे पत्रे टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात, आणि एका दाबाच्या जागी प्रोग्रॅमला पाच-दहा दाब दिसू शकतात. म्हणून बटण वाचल्यावर थोडे थांबून पुन्हा वाचावे लागते. आर्डुइनोसारख्या बोर्डावर तयार फंक्शनने एलईडी पेटवणे पाच मिनिटांचे काम आहे. तोच एलईडी चिपची डेटाशीट वाचून, थेट रजिस्टरमध्ये बिट लिहून पेटवायला नवख्याला दोन-तीन दिवस लागू शकतात. खरे शिक्षण या दुसऱ्या वाटेने होते, कारण नव्या चिपवर काम करताना तयार फंक्शन असेलच असे नाही. डेटाशीट मात्र असते.

तिसरी पायरी वेळेची, आणि या विद्येचा गाभा इथेच आहे. पगारपत्रक छापणारा प्रोग्रॅम दोन सेकंद उशिरा चालला तरी आकडे बरोबरच राहतात. फर्मवेअरमध्ये उशिरा आलेले बरोबर उत्तर चुकीचे ठरते. एखादे इंजिन मिनिटाला 6000 फेऱ्यांनी फिरत असेल तर एक फेरी 10 मिलिसेकंदांत होते आणि क्रँक एक अंश फिरायला सुमारे 28 मायक्रोसेकंद लागतात. ठिणगी काही अंश मागेपुढे झाली तरी ताकद आणि धूर दोन्ही बिघडतात. 8051 ला 12 मेगाहर्ट्झचे क्रिस्टल लावले तर एक साधी आज्ञा पुरी व्हायला 1 ते 2 मायक्रोसेकंद जातात. म्हणजे एका अंशात जेमतेम वीस-पंचवीस आज्ञा.

क्रँक कुठे आहे हे कळण्यासाठी अनेक इंजिनांत दात्यांचे एक चाक असते. 60 दात्यांची जागा, त्यातले दोन दाते मुद्दाम काढलेले. प्रत्येक दाता 6 अंशांचा, आणि रिकामी जागा आली की फेरीची खूण मिळते. प्रत्येक दाता सेन्सरसमोरून जाताना प्रोसेसरचे चालू काम थांबवून दुसरे छोटे काम करून घेतले जाते. याला इंटरप्ट म्हणतात. इंटरप्टमधले काम अगदी थोडके ठेवावे लागते, नाहीतर पुढचा दाता चुकतो. शिवाय मुख्य प्रोग्रॅम आणि इंटरप्ट दोघेही एकच चल वापरत असतील, तर ते चल कोणत्याही क्षणी बदलू शकते हे कंपायलरला स्पष्ट सांगावे लागते. सी भाषेत त्यासाठी व्होलटाइल हा शब्द आहे. तो विसरला तर टेबलावर नीट चालणारा प्रोग्रॅम कंपायलरचे ऑप्टिमायझेशन चालू करताच गोंधळ घालू लागतो.

विजेच्या स्कूटरमध्येही हिशेब हाच, फक्त आकडे वेगळे. मोटर कंट्रोलर साधारणपणे सेकंदाला दहा ते वीस हजार वेळा मोटरचा विद्युतप्रवाह मोजतो आणि पुढच्या क्षणी किती वीज द्यायची ते ठरवतो. एका फेरीला 50 ते 100 मायक्रोसेकंद मिळतात. 72 मेगाहर्ट्झच्या चिपवर 50 मायक्रोसेकंद म्हणजे 3600 ठोके. मोजणे, गणित आणि आज्ञा देणे हे सगळे तेवढ्यात बसवायचे.

चौथी पायरी विजेची. गाडीतला पुरवठा प्रयोगशाळेइतका शांत नसतो. 12 व्होल्टची बॅटरी स्टार्टर फिरवताना थंडीत 6-7 व्होल्टपर्यंत खाली येऊ शकते. इग्निशन कॉइल हजारो व्होल्ट तयार करते आणि त्याचा त्रास शेजारच्या वायरींना होतो. पुरवठा मर्यादेखाली गेला की चिपने अर्धवट चालत राहू नये, सरळ रिसेट व्हावे, यासाठी ब्राउन-आउट नावाची सोय असते. त्यामुळे फर्मवेअर शिकणाऱ्याच्या टेबलावर कीबोर्डच्या बाजूला मल्टिमीटर, लॉजिक अॅनालायझर आणि शक्य असल्यास ऑसिलोस्कोप असावा लागतो. इंटरप्ट सुरू होताना एक पिन वर आणि संपताना खाली केली, की स्कोपवर त्याचा काळ थेट दिसतो. प्रोग्रॅमचा वेग अंदाजाने सांगण्याची गरज उरत नाही.

पाचवी पायरी एकमेकांशी बोलण्याची. आधुनिक मोटारीत डझनावारी ईसीयू असतात. प्रत्येकाला प्रत्येकाशी वेगळी वायर जोडली तर वायरींचा जुडगा, म्हणजे हार्नेसच, गाडीपेक्षा महाग होईल. बॉश या जर्मन कंपनीने 1986 मध्ये कॅन नावाची पद्धत मांडली. पीळ दिलेल्या दोन वायरी, दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टर, आणि सगळे ईसीयू त्याच वायरींवर. वीज बंद करून मीटर लावला तर 60 ओहम दिसले पाहिजेत. 120 दिसले तर एका टोकाचा रेझिस्टर तुटला आहे, हे सर्व्हिस सेंटरमधल्या तंत्रज्ञालाही ठाऊक असते. दोन ईसीयू एकाच वेळी बोलू लागले तर ज्याच्या संदेशाचा क्रमांक लहान, तो पुढे जातो आणि दुसरा आपोआप थांबतो. ब्रेकच्या संदेशाला लहान क्रमांक आणि खिडकीच्या काचेला मोठा, असे वाटप आधीच केलेले असते. मूळ पद्धतीत एका संदेशात जास्तीत जास्त 8 बाइट मावतात, आणि सेकंदाला 5 लाख बिटच्या वेगाने तो सुमारे पाव मिलिसेकंदात पोहोचतो.

सहावी पायरी सुरक्षिततेची. कारखान्यात रात्रपाळीच्या वॉचमनला ठरावीक वेळाने फेरी मारून घड्याळात चावी फिरवावी लागे. नोंद चुकली की तो झोपला असे धरले जाई. चिपमधला वॉचडॉग तसाच. प्रोग्रॅमने ठरलेल्या मुदतीत त्याला हजेरी दिली नाही, तर तो संपूर्ण चिप रिसेट करतो. मात्र ही हजेरी टायमरच्या इंटरप्टमधून देण्याची चूक नवखे हमखास करतात. मुख्य प्रोग्रॅम अडकला तरी इंटरप्ट चालूच राहतो आणि वॉचडॉगला सगळे आलबेल वाटते. सी भाषेतल्या धोकादायक लकबी टाळण्यासाठी वाहन उद्योगात 1998 पासून मिस्रा सी हे नियम आहेत. 2011 मध्ये आलेले आयएसओ 26262 हे मानक गाडीतल्या प्रत्येक कामाचा धोका मोजून त्याला ए ते डी अशी श्रेणी देते. डी श्रेणीच्या कामाला पुरावे, चाचण्या आणि तपासण्या सर्वांत कडक.

पिंपरी ते चाकण या पट्ट्यात याच घराण्यातली आणखी एक विद्या रोज वापरली जाते, ती पीएलसीची, म्हणजे कारखान्यातली यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रकाची. गाडी बनवणाऱ्या लाइनवरची एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठी बांधलेली यंत्रे, पीएलसीवर चालतात. पीएलसी आधी सगळे इनपुट वाचतो, मग शिडीसारख्या आकृतीत लिहिलेला लॅडर प्रोग्रॅम वरून खाली चालवतो, शेवटी आउटपुट बदलतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. ही एक फेरी बहुधा काही मिलिसेकंदांची असते. त्याहून छोटा सिग्नल मध्येच येऊन गेला तर पीएलसीला तो दिसत नाही. प्रेसवर कामगाराचा हात सापडू नये म्हणून दोन बटणे दूर-दूर लावतात. दोन्ही अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच प्रेस खाली यावी, असा दंडक असतो. एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवण्याची युक्ती त्यामुळे चालत नाही. हे काम साध्या पीएलसीवर न सोडता स्वतंत्र सेफ्टी रिलेकडे दिले जाते. लॅडर येणाऱ्या आयटीआयच्या मुलाला मायक्रोकंट्रोलरकडे वळणे म्हणूनच परके वाटत नाही: इनपुट, आउटपुट, टायमर, काउंटर त्याच्या हाताखालून गेलेले असतात.

शेवटची पायरी हे सगळे लाइनवर आणि रस्त्यावर टिकवण्याची. ईसीयूमध्ये एक छोटा बूटलोडर कायम राहतो. मुख्य फर्मवेअर त्याच्यामार्फत भरले जाते आणि प्रत्येक बाइट बरोबर पोहोचला का, हे चेकसमने तपासले जाते. फ्लॅश करताना मध्येच वीज गेली तरी बूटलोडर शाबूत राहिला पाहिजे, नाहीतर ईसीयू निकामी होतो. गाडीत बसवण्याआधी फर्मवेअरची परीक्षा चाचणीच्या टेबलावर होते: समोरचा संगणक इंजिन, चाके आणि सेन्सर असल्याचे सोंग करतो आणि ईसीयूला खोटे दाते, खोटे तापमान आणि तुटलेल्या वायरी दाखवतो. पुढे गाडीची प्रमाणपत्रासाठी चाचणी होते; पुण्यात हे काम 1966 साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था करते.

शिकणाऱ्यासाठी क्रम सरळ आहे. सी भाषेतले पॉइंटर आणि बिटांची गणिते पक्की करावीत. एकच चिप निवडून तिची डेटाशीट हाताशी ठेवावी. एलईडी, बटण, टायमर, इंटरप्ट, सिरियल संवाद आणि कॅन हे प्रत्येक प्रकरण आधी तयार लायब्ररीशिवाय करावे, मग लायब्ररीने. दोन बोर्डांमध्ये कॅनचा संवाद सुरू झाला की मुद्दाम एक वायर काढावी, रेझिस्टर काढावा, पुरवठा खाली आणावा, आणि प्रोग्रॅम काय करतो ते स्कोपवर पाहावे. बिघाडातही प्रोग्रॅम ठरलेल्या वेळेत ठरलेले काम करतो, हे मोजून दाखवता आले, म्हणजे पाया पुरा झाला. त्यापुढे वाहनांच्या सॉफ्टवेअरसाठीच्या ऑटोसारसारख्या मोठ्या चौकटी किंवा एकाच चिपवर अनेक कामे चालवणाऱ्या रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टिम शिकणे सोपे जाते.